कुठेतरी मुरतंय

रात्री एक चाळीसला शेवटची ट्राम डेपोत शिरली.
फोनवरचा माणूस म्हणाला, वीज काढली, लाइन तुमची.
बितोमच्या त्या उतारावर आता फक्त बोग्ना, गेरार्ड,
एक व्हॅन, तीत दोन बॅटऱ्या,
आणि कोळशासाठी आतून पोखरलेली,
वर्षाला बोटभर खचणारी जमीन.

गेरार्ड पावलं मोजत रुळापासून लांब जातो,
गवत बघून गुडघे टेकतो
(निवृत्तीला सात आठवडे, गुडघ्यांना आधीच कळलंय),
बाटलीभर पाणी ओतून माती भिजवतो
आणि तीत रोवतो
मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडालेली तांब्याची कांडी.
रोप लावल्यासारखी भोवतीची माती दाबतो.
मग हात वर करतो: हं.

बोग्ना रुळात प्रवाह सोडते.
चालू. बंद.
चालू. बंद.
आकडा चढतो, उतरतो,
आणि त्या चढउतारातून ती ओळखते
रूळ मातीला किती बिलगलाय.

तसं रुळाचं काम सोपं:
ट्रामनं वापरलेली वीज उपकेंद्राला परत पोचवायची.
पण वीज एका वाटेची नाही.
जितक्या वाटा उघड्या तितक्यांनी ती घरी जाते,
ज्या वाटेची जेवढी ऐपत तेवढी.
रबर झिजलं, खडीत चिखल बसला,
हिवाळ्यात टाकलेलं मीठ विरघळून खाली उतरलं
की निघाली आडवाटेनं,
मातीतून, कुणाच्या तरी नळातून.

नळात शिरते तिथे ती त्याला धक्का लावत नाही,
उलट जपते.
बाहेर पडते तिथे मात्र
लोखंड सोबत नेते, कण कण,
वर्षानुवर्षं, पावतीशिवाय.

पहिला तुकडा ठीक. दुसराही.
तिसऱ्याला, दफनभूमीच्या फाटकाजवळ,
किलोमीटरला सात सीमेन्स.
बोग्ना चिमटे काढते, पुसते, पुन्हा लावते.
सात.
गेरार्ड थर्मासमधून चहा ओततो,
एवढंच म्हणतो, "मुरतंय."

तेवढ्यात समोरच्या घरात दिवा लागतो.
नाइटगाउनवर ओव्हरकोट, पायात नवऱ्याचे बूट,
पानी ओटीलिया.
इकडे पानी म्हणजे बाई,
पण आली ती पाण्यासाठीच.
"नळाचे का तुम्ही?"
"नाही, ट्रामचे."
"बघा तरी," म्हणते, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला
हातभर नळ पुढे करते. नऊ वर्षांतला तिसरा.
पालिका सांगते, बाई, तुमचं पाणीच वाईट.

गेरार्ड टॉर्च धरतो, भोकात करंगळी घालतो.
भोक बाहेर रुंद, आत निमुळतं.
पाण्यानं खाल्लं असतं तर उलटं असतं.
तो बोग्नाकडे बघतो. बोग्ना फॉर्मकडे.
फॉर्मवर रुळाचे अकरा रकाने आहेत,
नळाचा एकही नाही.

बोग्ना समजावते, हळू, हातवारे करत.
म्हातारी ऐकून घेते.
"म्हणजे रोज थोडी थोडी ट्राम
माझ्या तळघरातून जाते?"
"...तसंच काहीसं."
"मग तिला तिकीट काढायला सांगा."

तीन वाजून वीस मिनिटांनी सापडतं:
गटारावरची लोखंडी जाळी, एका अंगानं खचलेली,
रुळाच्या पायाला टेकलेली.
नखाएवढी जागा. तिथे गंज नाही, घासून चकचकीत.
गेरार्ड पहार लावतो, बोग्ना रबराची पट्टी सारते.
चालू. बंद. चालू.
एक पूर्णांक नऊ.
चांगलं नाही. पण पहाटेपुरतं बरं.

शेऱ्याच्या ओळीत ती लिहिते: जाळी.
मग पेन तसंच धरून थांबते,
आणि घराचा नंबरही लिहिते,
जो तिला कुणी विचारलेला नाही.

चार दहाला वीज परत येते.
पहिली ट्राम रिकामीच उतारावरून जाते,
चालक दोन बोटं उचलतो.
गेरार्ड कांडी उपटायला वाकलाय, त्याला दिसत नाही.
त्याच्या पॅन्टवर निळा डाग पडलाय, धुऊन न जाणारा,
आणि खिडकीत पानी ओटीलिया
नळ सोडून बघतेय
पाणी येतंय का.